सातशे किलोमीटर, वीस वर्षं

घरात शाळेत जाणारं मूल असेल तर त्याचं अ‍ॅटलास घ्या आणि आफ्रिकेचं पान उघडा. उजव्या अंगाला, तांबड्या समुद्राच्या जवळपास दोन शहरं सापडतील. खालचं अदिस अबाबा, ही इथिओपियाची राजधानी. वरचं अस्मारा, ही एरिट्रियाची. दोन्हींवर पट्टी ठेवून रेघ मारली तर ती जवळजवळ सरळ उभी येते, कारण दोन्ही शहरं एकाच रेखांशावर आहेत म्हटलं तरी चालेल. अदिसहून निघायचं, नाक उत्तरेला धरायचं आणि कुठेही वळायचं नाही. समोर येतं ते अस्मारा.

या दोन शहरांमधलं हवाई अंतर साधारण ७०० किलोमीटर आहे. मुंबई ते नागपूर जेवढं, जवळपास तेवढंच. विमानाला दीड तासाच्या आतबाहेर लागतो. आणि माझ्या ओळखीच्या एका बाईला हे ७०० किलोमीटर ओलांडायला वीस वर्षं लागली.

आधी दीड तासाचा हिशेब सांगते. जेट विमान तासाला आठशे-साडेआठशे किलोमीटर जातं असं आपण वाचतो. मग ७०० किलोमीटरला पाऊण तास, फार तर पन्नास मिनिटं पुरायला हवीत. पण तो वेग उंचावर पोचल्यानंतरचा. पहिली वीसेक मिनिटं विमान चढत असतं, शेवटची वीस-पंचवीस मिनिटं उतरत असतं, आणि जमिनीवरचं रांगणं वेगळंच. त्यामुळे जवळच्या दोन गावांमध्ये विमान खऱ्या अर्थानं धावतं ते मधली अर्धा तास. आपल्या एसटीचंही तेच की! स्टँडमधून बाहेर पडायला आणि पुढच्या स्टँडमध्ये शिरायला जो वेळ लागतो, तो अंतरात कुठे मोजलेला असतो?

या दोन विमानतळांची आणखी एक मजा आहे. दोन्ही समुद्रसपाटीपासून २,३०० मीटरपेक्षा उंच आहेत. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे महाराष्ट्राच्या सगळ्यात उंच शिखरावर आणखी एखादा बरा डोंगर ठेवावा, तेवढ्या उंचीवर या धावपट्ट्या. तिथली हवा विरळ असते, म्हणून विमानाला उडण्याआधी जास्त लांब पळावं लागतं. विमानाचंच कशाला, माणसालाही पहिले काही दिवस जिना चढताना धाप लागते. मी स्वतः अदिसमध्ये पहिला महिना दोन पिशव्या भाजी घेऊन चढावर थांबत थांबत यायची.

मी तिथे गेले ते २००७ मध्ये. इथिओपियात भारतीय शिक्षकांची जुनी परंपरा आहे. सम्राट हेले सेलासींच्या काळापासून आपल्याकडचे शिक्षक तिथल्या शाळांतून शिकवायला जात, आणि २००० नंतर तिथे नवी विद्यापीठं निघाली तेव्हा प्राध्यापकही मोठ्या संख्येनं गेले. त्यात मराठी घरं बरीच होती. माझे यजमान त्यांपैकीच एक. आमच्या भाड्याच्या घराच्या भिंतीला भिंत लागून एका बाईंचं घर होतं. वयानं माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठ्या. तिकडे अशा बाईला मानानं 'एतिये' म्हणतात, आपण 'ताई' म्हणतो तसं. इथेही मी त्यांना एतियेच म्हणते, खरं नाव सांगत नाही.

अदिसमध्ये शेजारीण झालात की तुम्हाला कॉफीला बोलावणं येणारच. आणि ती कॉफी म्हणजे आपल्यासारखं दूध उकळून कपात ओतलं आणि झालं, असं नाही. जमिनीवर हिरवं गवत पसरायचं. कच्च्या बिया धुवून तव्यावर भाजायच्या, त्यांचा धूर सगळ्या बायकांच्या नाकापर्यंत फिरवायचा, मग कुटायच्या आणि मातीच्या लांब मानेच्या सुरईत उकळायच्या. त्या सुरईला जेबेना म्हणतात. बाजूला ऊद जळत असतो, ताटात मक्याच्या लाह्या. बिनकानाच्या छोट्या कपांमधून ती कॉफी तीनदा फिरते. पहिली फेरी कडक, दुसरी मवाळ, आणि तिसरी 'बरका', म्हणजे आशीर्वादाची. तिसरी न घेता उठणं म्हणजे आपल्याकडे हळदीकुंकू न घेता सवाष्णीनं जाणं! सगळं मिळून दीड-दोन तास सहज जातात.

अशाच एका दुपारी एतियेंनी मला विचारलं, "तुझं माहेर किती लांब?"

मी म्हटलं, मुंबईला थेट विमान आहे, सव्वापाच तास. पुढे गाडीनं आणखी एक रात्र.

"आणि तुमचं?"

त्यांनी हातातल्या कपानंच उत्तरेकडे दाखवलं. शहराच्या त्या अंगाला एन्टोटोचे डोंगर आहेत. "त्या डोंगरांच्या पलीकडे. अस्मारा."

मला वाटलं, मग काय, जवळच की. तसं म्हटलंही. त्या हसल्या. म्हणाल्या, "जवळ तुझं आहे."

त्या वेळी मला ते बोलणं उमगलं नाही. नंतर उमगलं, आणि मग मी सवयीनं हिशेब केला. अदिस ते मुंबई हवाई अंतर सुमारे ३,८०० किलोमीटर. अदिस ते अस्मारा ७००, पण ते विमान बंद. मग तिथे जायचंच झालं तर कसं? एक वाट कैरोवरून. अदिसहून कैरो जवळजवळ २,४५० किलोमीटर, तिथून उलटं फिरून अस्मारा १,८०० किलोमीटर. बेरीज सव्वाचार हजारांवर जाते. म्हणजे सहापट, आणि मुंबईपेक्षाही लांब. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण आपण ज्याच्यात्याच्यावर वापरतो, पण इतकी शब्दशः मी तिथेच पाहिली. समजा, तुम्हाला मुंबईहून नागपूरला बहिणीकडे जायचंय आणि कुणी सांगितलं की दुबईवरून जा. ते अंतरही चार हजार चारशेच्या घरात जातं. अगदी तसंच हे.

आणि वळसा घालायचा म्हणजे नुसतं तिकीट नव्हे. तिसऱ्या देशाची कागदपत्रं हवीत, मधे थांबण्याचा खर्च हवा, आणि इथिओपियाचा पासपोर्ट घेऊन अस्माराच्या खिडकीसमोर उभं राहण्याची छाती हवी. ती कुणाकडेच नव्हती. त्यामुळे पट्टीवर चार हजार दिसणारं अंतर प्रत्यक्षात पार होण्यासारखं नव्हतंच.

हे असं का झालं, ते थोडक्यात सांगते.

एरिट्रिया १८९० पासून इटलीची वसाहत. इटलीचा पराभव १९४१ मध्ये झाला, मग काही वर्षं इंग्रजांचा कारभार, १९५२ मध्ये इथिओपियाशी संघराज्य, आणि १९६२ मध्ये इथिओपियानं हा प्रदेश सरळ आपल्यात मिळवून टाकला. त्याच्या आधीच, १९६१ मध्ये, स्वातंत्र्याची लढाई सुरू झाली होती, ती तीस वर्षं चालली. सार्वमत होऊन मे १९९३ मध्ये एरिट्रिया वेगळा देश झाला. गंमत अशी की देश वेगळे झाले तरी सुरुवातीला माणसं वेगळी झाली नाहीत. १९९७ च्या अखेरपर्यंत दोन्हीकडे चलन एकच होतं, विमान चालू होतं, लोक लग्नकार्याला जात-येत होते. एतियेंचं लग्न तर त्याच्याही आधी झालेलं, सगळा एकच देश असताना. अस्माराची मुलगी अदिसला दिली, यात कुणाला काही विशेष वाटलं नव्हतं. आपल्याकडे साताऱ्याची मुलगी अकोल्याला देतात तसंच ते. दर वर्षी सप्टेंबरातल्या मेस्केल सणाला नाहीतर ७ जानेवारीच्या नाताळाला त्या माहेरी जायच्या. हो, त्यांचा नाताळ ७ जानेवारीला असतो, दोन्ही देशांत.

मे १९९८ मध्ये बादमे नावाच्या एका लहानशा गावावरून दोन्ही सैन्यं भिडली. विमान बंद, फोन बंद, रस्ता बंद, टपाल बंद. ५ जून १९९८ ला इथिओपियाच्या लढाऊ विमानांनी अस्माराच्या विमानतळावर बॉम्ब टाकले, आणि त्याच दिवशी एरिट्रियाच्या विमानांनी उत्तर इथिओपियातल्या मेकेले शहरावर. तिथे एक शाळा सापडली. जून २००० मध्ये लढाई थांबली, डिसेंबरात अल्जिअर्सला करार झाला, पण विमान काही सुरू झालं नाही. मेलेल्यांचा अंदाज सत्तर हजारांपासून एक लाखापर्यंत सांगतात. वाद ज्या बादमेवरून, ते गाव कुणाचं याचा निवाडा २००२ मध्ये झालाही. तो एरिट्रियाच्या बाजूनं लागला, आणि इथिओपियानं गाव सोडलं नाही. मग युद्धही नाही आणि समेटही नाही, अशी सोळा वर्षं गेली.

पुरुष सैन्यात गेले, हे इतिहासाच्या पुस्तकात येतं. घरांचं काय झालं, ते मी त्या कॉफीच्या बैठकीत ऐकलं. युद्ध सुरू झाल्यावर इथिओपियानं एरिट्रियन वंशाच्या सुमारे ७५,००० माणसांना देशाबाहेर काढलं, आणि एरिट्रियातूनही हजारो इथिओपियन लोकांना निघावं लागलं. ज्या घरात नवरा एकीकडचा आणि बायको दुसरीकडची, तिथे सरळ उभी चीर पडली. बाप सीमेपलीकडे, आई अलीकडे, मुलं जिकडे राहिली तिकडे. एतियेंचे यजमान अदिसचेच होते, म्हणून त्या राहिल्या. पण आपण मूळच्या कुठल्या, हे पुढे कित्येक वर्षं त्यांनी बाजारात कुणाला कळू दिलं नाही. मुलींशी टिग्रिन्या बोलायच्या, ते घरात आणि हळू आवाजात.

अस्मारात त्यांची धाकटी बहीण आणि आई. फोन लागत नसे. दुबईत नोकरीला असलेला एक भाचा होता, तो दोन्हीकडे फोन करू शके. निरोप असा जायचा: अदिसहून दुबई, दुबईहून अस्मारा. "आजीचे गुडघे दुखतात." "तेल लावायला सांग." या दोन वाक्यांना कधी आठवडाही लागायचा, कारण भाच्यालाही त्याची कामं होतीच.

आई गेली ती २००४ मध्ये. निरोप पोचला एकोणिसाव्या दिवशी. आपल्याकडचा तेरावाही उलटून गेला असता. त्यांच्यात चाळिसाव्या दिवसाला महत्त्व, तेवढा तरी सापडला. एतियेंनी अदिसच्या घरी तो केला, पुजाऱ्याला बोलावलं, जेवण घातलं. शेजारणींना सांगितलं, लांबची आत्या वारली.

मी हे ऐकलं तेव्हा पाच वर्षं होऊन गेली होती, आणि त्या सांगताना लाह्या निवडत होत्या. रडल्या नाहीत. मीच काय बोलावं ते न सुचून कप धुवायला उठले.

आता जरा वेगळं. या दोन शहरांच्या नावांची गोष्ट मला तिथेच कळली, आणि ती बायकांच्या पुरवणीत सांगायलाच हवी. अदिस अबाबा म्हणजे 'नवं फूल'. सम्राट मेनेलिक यांची राणी ताइतू हिनं एन्टोटोच्या पायथ्याची, गरम पाण्याच्या झऱ्यांची जागा पसंत केली आणि वसाहतीला हे नाव दिलं, १८८६ च्या सुमारास. ही राणी नुसती नाव ठेवून बसणारी नव्हती. इटलीशी झालेल्या कराराला तिनं कडाडून विरोध केला, आणि १८९६ च्या युद्धात स्वतःचं सैन्य घेऊन गेली. मेकेलेच्या किल्ल्याला वेढा पडला तेव्हा शत्रूचं पाणी तोडा, हा सल्ला तिचा.

अस्माराचं नाव तर आणखी गमतीचं. मूळ शब्द 'अर्बाते अस्मारा'. टिग्रिन्या भाषेत क्रियापदावरून करणारा पुरुष की बाई ते कळतं, जसं आपल्या 'गेला-गेली' मध्ये. या नावाचा अर्थ 'त्या चौघींनी एक केलं'. दंतकथा अशी की त्या पठारावर चार वस्त्या होत्या, आपसात भांडणाऱ्या, आणि लुटारूंच्या तोंडी सापडणाऱ्या. शेवटी चारही वस्त्यांमधल्या बायकांनी आपापल्या पुरुषांना एकत्र यायला लावलं, आणि त्या एकीचं गाव ते अस्मारा. म्हणजे एक राजधानी एका बाईनं वसवलेली, दुसरी बायकांनी सांधलेली. आणि मधली वाट पुरुषांनी बंद केलेली. हे शेवटचं वाक्य माझं नाही, एतियेंच्या मोठ्या मुलीचं आहे. ती कॉलेजात होती आणि तिखट बोलायची. आई तिला दटावायची, पण हसायचीही.

त्या सातशे किलोमीटरच्या रेघेखाली काय काय आहे, ते तिनंच मला नकाशावर दाखवलं. अदिसहून निघालं की एन्टोटो. मग निळ्या नाईलला मिळणाऱ्या नद्यांच्या खोल दऱ्या. साधारण मध्यावर लालिबेला, जिथे अखंड खडकात वरून खाली कोरलेली चर्च आहेत. आपल्या वेरुळच्या कैलासाची आठवण हमखास येते. पुढे टिग्रायचे डोंगर, आणि जवळजवळ नेमकं रेघेवरच अद्वा, जिथे १८९६ मध्ये इटलीच्या फौजेचा पाडाव झाला. काही जण हे नाव 'अडवा' असं लिहितात. मराठीत ते चुकून फार बरोबर बसतं! त्यानंतर मारेब नदी, म्हणजे सीमा, आणि मग लगेच अस्माराचं पठार. जमिनीवरून हाच रस्ता साधारण हजार किलोमीटर वळणावळणाचा, पूर्वी बसला दोन-तीन दिवस लागायचे.

आणि एक गोष्ट मला फार लागली. इथिओपियन एअरलाइन्स ही आफ्रिकेतली नावाजलेली कंपनी. तिचं पहिलंवहिलं उड्डाण ८ एप्रिल १९४६ ला झालं, ते होतं अदिस अबाबाहून कैरोला, व्हाया अस्मारा. म्हणजे १९४६ मध्ये कैरोला जायचं तर वाटेत अस्मारा लागायचं, आणि साठ वर्षांनी अस्माराला जायचं तर वाटेत कैरो. विमानं जास्त वेगवान झाली, प्रवास मात्र लांबला.

हे फक्त याच दोन शहरांचं आहे असंही नाही. आफ्रिकेत शेजारच्या देशात जायला लांबचा फेरा घालावा लागतो ही जुनीच तक्रार. आकाश एकमेकांना मोकळं करू या, असा ठराव आफ्रिकी देशांनी १९९९ मध्ये यामुसुक्रो इथे केला, आणि जानेवारी २०१८ मध्ये पुन्हा एकदा 'एकच आफ्रिकी हवाई बाजारपेठ' म्हणून त्याचा गाजावाजा झाला. कागद चांगले आहेत. पण दोन देशांचे प्रमुख एकमेकांशी बोलत नसतील तर अशा कागदावरून विमान उडत नाही.

आम्ही २०११ मध्ये परत आलो. एतियेंच्या मुलीशी ओळख फोनवर राहिली.

मग आला २०१८. इथिओपियात एप्रिलमध्ये अबी अहमद नवे पंतप्रधान झाले. ८ जुलैला ते स्वतः अस्माराला उतरले, दुसऱ्या दिवशी युद्ध संपल्याच्या जाहीरनाम्यावर दोन्हीकडच्या सह्या झाल्या. पुढे त्यांना याच समेटासाठी २०१९ चं शांततेचं नोबेल मिळालं. पण नोबेलपेक्षा मला आठवतात ते फोन. वीस वर्षांनी थेट लाइन जोडली गेली, आणि ज्यांच्याकडे नातेवाइकांचे नंबर नव्हते ते लोकही पलीकडचा कुठलाही नंबर फिरवू लागले. समोर अनोळखी माणूस. "कोण?" "मी अदिसहून बोलतोय." "बरे आहात ना?" एवढंच बोलायला फोन. त्या दिवसांतल्या बातम्यांमध्ये हे सगळं आलं होतं. एतियेंच्या घरी तर रात्री अकराला बहिणीचा आवाज आला. मुलीनं सांगितलं, पहिली पाच मिनिटं दोघी नुसतं एकमेकींचं नाव घेत होत्या, आणि मग धाकटी म्हणाली, "तुझा आवाज आईसारखा झालाय."

१८ जुलै २०१८ ला अदिसहून अस्माराला पहिलं प्रवासी विमान गेलं. मागणी एवढी की एकामागोमाग दोन विमानं सोडली. आत गुलाबाची फुलं वाटली, शॅम्पेन दिली, लोक सीटमधल्या वाटेत नाचले. अस्माराला उतरल्यावर काही जण जमिनीला ओठ टेकून रडले. टीव्हीवर मी ते पाहिलं आणि एतिये त्यात दिसतात का म्हणून डोळे ताणले. त्या नव्हत्या, तिकिटंच मिळत नव्हती. त्यांना मिळालं ऑगस्टच्या शेवटी.

सामानाचं वजन ठरलेलं, त्यामुळे मुलीनं बॅग तीनदा भरली आणि तीनदा सोडली. एतियेंना न्यायच्या होत्या कॉफीच्या कच्च्या बिया, बर्बेरे नावाचा त्यांचा लाल मसाला, आणि बहिणीसाठी पांढरी सुती ओढणी. आपण लेकीकडे जाताना लोणच्याची बरणी आणि मेतकूट कपड्यांत गुंडाळतो ना, तसंच सगळं.

विमानाची वेळ समजण्यातही एक गंमत होती. इथिओपियात घड्याळ सूर्यापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. विमानतळ मात्र जगाच्या घड्याळावर चालतो. मुलीनं तिकिटाच्या मागे दोन्ही वेळा लिहून दिल्या, आणि तरी आई चार तास आधी जाऊन बसली. मला यात नवल वाटलं नाही. वीस वर्षं थांबलेली बाई आणखी चार तास खुर्चीवर बसली, इतकंच.

प्रवास झाला एक तास वीस मिनिटांचा. त्याबद्दल त्यांनी फोनवर मला एकच वाक्य सांगितलं. "एवढ्या वेळात तर घरी कॉफीची तिसरी फेरीही होत नाही."

विमानतळावर बहिणीनं त्यांना ओळखलं नाही. ताईचे केस काळे होते, तिच्या आठवणीत. एतियेंनी मात्र तिला चालीवरून ओळखलं. दुसऱ्या दिवशी दोघी आईच्या थडग्यावर गेल्या, चौदा वर्षांनी.

पुढची दोन वर्षं जाणं-येणं झालं. सप्टेंबर २०१८ मध्ये सीमेवरचे रस्तेही उघडले होते, पण काही महिन्यांत ते एकेक करत बंद झाले. विमान तेवढं राहिलं. मग करोना आला. नोव्हेंबर २०२० मध्ये टिग्रायमध्ये युद्ध पेटलं, म्हणजे नेमकं त्या रेघेच्या खाली. त्याच महिन्यात टिग्रायमधून सुटलेले अग्निबाण अस्मारावर पडले. ते युद्ध दोन वर्षं चाललं, नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रिटोरियाला करार होऊन थांबलं. त्या करारात एरिट्रिया सामील नव्हता, आणि दोन्ही सरकारांमधला गोडवा तेव्हापासून ओसरत गेला. एतिये २०२३ मध्ये एकदा जाऊन आल्या. गुडघ्यांमुळे चाकाची खुर्ची घ्यावी लागली, पण गेल्या.

जुलै २०२४ मध्ये एरिट्रियाच्या विमान वाहतूक खात्यानं जाहीर केलं की सप्टेंबरअखेर इथिओपियन कंपनीची विमानं बंद करणार. त्यांची तक्रार सामानाची आणि तिकीटदरांची. कंपनीचं म्हणणं, आमचे तिथल्या बँकेतले पैसे अडकवले. ३ सप्टेंबर २०२४ पासून विमानं थांबली. कुणाचं किती खरं, ते ठरवणारी मी कोण. पण तिकिटावरून आणि बॅगांवरून सुरू झालेला वाद नुसता तिकिटाचा आणि बॅगांचा असतो, यावर माझा विश्वास नाही. दोन जावांचं बोलणं बंद होतं तेव्हाही कारण वाटीभर साखरेचंच सांगतात.

एतिये आता सत्तरीच्या पुढे आहेत. मुलीनं त्या वर्षी कैरोवरून जायचा हिशेब काढला होता. जाताना अडीच हजार किलोमीटर, मग परक्या विमानतळावर रात्र, मग परत फिरून पावणेदोन-अठराशे. आईनं कागद पाहिला आणि घडी करून बायबलमध्ये ठेवला. म्हणाल्या, "माझ्या गुडघ्यांना कैरो नको."

कॉफीच्या बिया मात्र ७ जानेवारीच्या सणाआधी पोचायला हव्या होत्या. डिसेंबरात अदिसहून कुणीतरी दुबईला निघालं होतं, त्याच्या सामानात दोन किलो घातल्या. दुबईत भाच्यानं त्या उतरवून घेतल्या आणि अस्माराला जाणारा माणूस शोधत बसला. त्याचेही केस आता पांढरे झालेत. अदिस ते दुबई अडीच हजार किलोमीटर, दुबई ते अस्मारा दोन हजार. सणाच्या आदल्या संध्याकाळी बहिणीनं त्या भाजल्या.